नवे मूत्रपिंड, जुना वारसा

आपल्याकडे किडनी 'बदलली' असे म्हणण्याची रीत आहे. विहिरीवरचा पंप बदलावा, छपरावरची कौले बदलावीत, तसे. जुने गेले, नवे आले. वस्तुस्थिती अशी, की बहुतेक शस्त्रक्रियांत बदलले काहीच जात नाही. निकामी झालेली दोन्ही मूत्रपिंडे पाठीकडच्या आपल्या जागी तशीच राहतात आणि दात्याकडून आलेले तिसरे मूत्रपिंड खाली ओटीपोटात एका बाजूला बसवले जाते. रुग्ण घरी येतो. शेजारीपाजारी भेटायला येतात, 'आता सगळे ठीक ना?' असे विचारतात आणि घरचेही 'हो, नवी बसवली' असे सांगून मोकळे होतात. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने ज्याची मूत्रपिंडे गेली, त्याच्या बाबतीत हे उत्तर बरेचसे पुरेसे असते. पण काही थोडी घरे अशी आहेत, की त्यांना त्या जुन्या दोन मूत्रपिंडांचा आणि ती ज्या वंशातून आली त्या वंशाचा विसर पडून चालत नाही. आजचा लेख त्या घरांविषयी आहे.

मी डॉक्टर नाही. तीस-पस्तीस वर्षे बँकेत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. कादंबरीकाराला दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची खोड असते आणि बँकवाल्याला कागद मागण्याची. या विषयात मी शिरलो तो या दोन्ही खोडींमुळे.

मूत्रपिंडरोपणाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत बॉस्टनला झाली. डॉ. जोसेफ मरे यांनी रिचर्ड हेरिक या तरुणाला त्याच्या जुळ्या भावाचे, रोनाल्डचे मूत्रपिंड बसवले. दोघे एकाच बीजातून जन्मलेले असल्यामुळे रिचर्डच्या शरीराने ते परके मानले नाही. तो पुढे आठ वर्षे जगला, त्याने लग्न केले, त्याला मुले झाली. मरे यांना १९९० साली नोबेल मिळाले. आपल्याकडे पहिला प्रयत्न मे १९६५ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाला, आणि योगायोग असा, की तो रुग्ण मूत्रपिंड निकामी झालेला नव्हता. त्याला मूत्रपिंडाचा कर्करोग होता. म्हणजे रोपण आणि कर्करोग यांची गाठ आपल्या देशात अगदी पहिल्या पानावरच पडलेली आहे.

जुळा भाऊ सर्वांना नसतो. इतरांचे शरीर परक्या अवयवावर तुटून पडते. ते पडू नये म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे द्यावी लागतात आणि ती जन्मभर घ्यावी लागतात. १९६० च्या दशकात अझाथायोप्रिन आले, १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन, नंतर टॅक्रोलिमस. या गोळ्यांनी लाखो माणसे वाचवली. पण प्रतिकारशक्तीचे काम फक्त परक्याला अडवणे एवढेच नसते. आपल्याच पेशींपैकी एखादी बिघडली, भलतीच वाढू लागली, तर तिला वेळीच हेरून संपवणे हेही तिचेच काम. अनेक विषाणूंना दाबून ठेवणे हेही. रखवालदाराला सुट्टी दिली की ही सगळी कामे थोडीफार ढिली पडतात.

ही गोष्ट प्रथम ज्यांच्या ध्यानात आली त्यांच्यात डॉ. इझरायल पेन यांचे नाव घ्यावे लागेल. १९६८ पासून त्यांनी रोपण झालेल्या आणि पुढे कर्करोग झालेल्या रुग्णांची नोंदवही ठेवायला सुरुवात केली. नोंदवही ठेवणाऱ्या माणसांविषयी मला जरा पक्षपाती आदर आहे हे कबूल करतो. २०११ साली अमेरिकेतल्या सुमारे पावणेदोन लाख अवयवरोपणांचा हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा एकूण कर्करोगाचा धोका सर्वसामान्य माणसाच्या साधारण दुप्पट भरला. लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा तर त्याहून बराच जास्त. गोऱ्या लोकांत त्वचेचा कर्करोग ही मोठी डोकेदुखी असते. आपल्या सावळ्या कातडीने आपल्याला त्यातून बरेचसे वाचवले आहे. पण तंबाखू, मिश्री आणि गुटखा यांनी ती भरपाई आपण तोंडात करून घेतो.

दुप्पट धोका म्हणजे प्रत्येकाला होणारच असे नव्हे, हे इथेच सांगितले पाहिजे. आणि या भीतीने कोणी गोळ्या बंद करील तर बसवलेले मूत्रपिंड गमावण्याचा तो हमखास मार्ग आहे. गोळ्या कमी करायच्या की बदलायच्या, हे फक्त त्या डॉक्टरने ठरवायचे.

आता त्या थोड्या घरांकडे वळतो.

बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात. एक हेडकॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघांनी आपापली किल्ली लावल्याशिवाय दार उघडत नाही. एकट्याच्या मनात पाप आले तरी तिजोरी सुरक्षित राहते. १९७१ साली आल्फ्रेड नुडसन या अमेरिकन डॉक्टरांनी लहान मुलांच्या डोळ्यांतल्या कर्करोगाचा अभ्यास करून जे सांगितले ते नेमके हेच आहे. गाठींना आवर घालणाऱ्या अशा जनुकाच्या आपल्या प्रत्येक पेशीत दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोन्ही बिघडल्या तरच पेशी मोकाट सुटते. सामान्य माणसाच्या एकाच पेशीत दोन्ही बिघडणे दुर्मिळ. पण काही माणसे जन्मतःच एक प्रत बिघडलेली घेऊन येतात. त्यांच्या शरीरातल्या सगळ्याच पेशींची एक किल्ली आधीच चोराच्या खिशात आहे.

अशांपैकी एक आजार म्हणजे व्हॉन हिपेल-लिंडाऊ. जर्मन नेत्रतज्ज्ञ ऑयगेन फॉन हिपेल आणि स्वीडिश डॉक्टर अर्विड लिंडाऊ यांची नावे त्याला आहेत. साधारण ३६,००० जन्मांमागे एकाला तो असतो. डोळ्यांच्या पडद्यावर, मेंदूत, मज्जारज्जूत, स्वादुपिंडात, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत आणि दोन्ही मूत्रपिंडांत गाठी होत राहतात. मूत्रपिंडातल्या गाठी बऱ्याचदा कर्करोगाच्या असतात. तीन सेंटिमीटरपर्यंत लक्ष ठेवायचे, त्यापलीकडे गेली तर मूत्रपिंड वाचवून तेवढी गाठ काढायची, अशी रीत आहे. काढता काढता काहींच्या बाबतीत मूत्रपिंडच उरत नाही. दोन्ही जातात, आणि माणूस डायलिसिसवर येतो.

माझ्याबरोबर काही वर्षे एका शाखेत ज्या हेडकॅशियर होत्या, म्हणजे त्या दुसऱ्या किल्लीच्या धनीण, त्यांच्या धाकट्या भावाच्या वाट्याला हे आले. वय अडतीस. चोविसाव्या वर्षी डाव्या डोळ्यात रक्तस्राव झाला होता, तेव्हा डोळ्याच्या डॉक्टरांनी डोळ्यावर उपचार केले. तिशीत डोके दुखायचे, त्याला अर्धशिशी म्हटले गेले. पुढे पोटाच्या सोनोग्राफीत दोन्हीकडे गाठी दिसल्या. ज्या रुग्णालयात पहिली गाठ काढली तिथे 'घरात आणखी कोणाला?' असे कोणी विचारले नाही, आणि घरच्यांनीही आपण होऊन सांगितले नाही. सांगण्यासारखे पुष्कळ होते. वडील चाळिशीत 'डोक्यात गाठ होऊन' गेले होते. आत्या तरुणपणीच आंधळी झाली होती. तिचे नाव निघाले की घरात विषय बदलला जाई. तीन माणसे, तीन वेगवेगळे अवयव, आणि आजार एकच. हे सूत्र दुसऱ्या रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी कागदावर वंशवृक्ष काढून पंधरा मिनिटांत जुळवले.

दोन्ही मूत्रपिंडे काढल्यावर लगेच रोपण करता येत नाही. कर्करोगाचा एखादा कण कुठे दडून बसला असेल आणि आपण रखवालदाराला सुट्टी दिली, तर तो उठेल. म्हणून काही काळ थांबून पाहतात. अशा आजारात दोन वर्षे थांबण्याची प्रथा बराच काळ आहे. गाठ लहान असेल तर हल्ली तज्ज्ञ कमीही करतात. या गृहस्थाला दोन वर्षे सांगितली. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, आणि पाणी मोजून प्यायचे. त्या काळात दाता कोण, याची चर्चा घरात सुरू झाली.

बहिणीने, म्हणजे आमच्या हेडकॅशियर बाईंनी, एका वाक्यात सांगून टाकले, 'माझी घ्या.' आपल्या देशात बहुतांश रोपणे जिवंत नातेवाइकांच्या मूत्रपिंडावर होतात आणि देणाऱ्यांत बायकाच अधिक असतात, तेव्हा यात नवल नव्हते. रक्तगट जुळला, बाकीचे जुळले. छत्तीस गुण! पण व्हॉन हिपेल-लिंडाऊमध्ये सख्ख्या भावंडात तोच दोष असण्याची शक्यता निम्मी असते, आणि रक्तगट कितीही जुळला तरी त्याविषयी तो काही सांगत नाही. हेरिक जुळ्यांचीच गोष्ट उलटी करून पाहा. त्यांचा आजार असा वांशिक असता, तर तो एका बीजाचा सर्वोत्तम दाता सर्वात वाईट दाता ठरला असता.

डॉक्टरांनी बाईंची जनुकीय तपासणी करायला सांगितली आणि घरात वादळ झाले. वादळ तपासणीच्या खर्चाचे नव्हते. बाईंची मुलगी तेवीस वर्षांची, तिची स्थळे पाहणे चालू होते. आईच्या नावावर असा रिपोर्ट निघाला आणि बाहेर कळले तर? एका जाणत्या नातेवाइकाने सुचवले, की तपासणी न करता किडनी द्यावी; देवाच्या मनात असेल ते होईल.

बाई माझ्याकडे आल्या. मी त्यांना बँकेतलीच गोष्ट सांगितली. शेतीवाडी किंवा घर तारण घेताना आपण वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागतो. मालक कितीही सज्जन असो, चहा कितीही प्रेमाने पाजो, रिपोर्ट मागतोच. तो मागणे हा मालकाचा अपमान नसतो. आणि ज्या कर्जात मूळ कर्जदार बुडाला, त्याच कर्जात आधीच अडकलेल्याला आपण जामीनदार म्हणून उभा करत नाही, त्याची कितीही इच्छा असली तरी. बाई हसल्या आणि म्हणाल्या, 'साहेब, माझी किल्ली तपासून घेते.'

तपासणीत दोष निघाला. सोनोग्राफी आणि एमआरआय झाले, तेव्हा उजव्या मूत्रपिंडात दीड सेंटिमीटरची गाठ होती. त्यांना काहीही त्रास नव्हता. त्यांनी मूत्रपिंड दिले असते तर भावाला त्या गाठींची शक्यता भेट गेली असती, आणि त्यांच्याकडे एकच मूत्रपिंड उरले असते, तेही सदोष. आज त्या दात्या नाहीत. त्या नियमाने तपासणी करून घेणाऱ्या रुग्ण आहेत आणि नोकरी करताहेत. मूत्रपिंड आईने दिले. आजार वडिलांकडून आलेला, त्यामुळे सदुसष्टाव्या वर्षीही ती माउली त्या बाबतीत स्वच्छ ठरली.

नव्या मूत्रपिंडात तो दोष नाही, कारण त्याच्या पेशी आईच्या. परंतु डोळे, मेंदू, मज्जारज्जू, स्वादुपिंड हे सारे जुन्याच मालकीचे. तिथली तपासणी रोपणानंतरही चालूच ठेवावी लागते. मग दडपशाहीच्या गोळ्यांनी या मंडळींचे भलतेच नुकसान होत असेल, अशी शंका येते. माझीही तीच समजूत होती. पण १९९७ साली अशा ३२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात त्यांची तुलना इतर रोपण-रुग्णांशी केली होती, आणि जगण्याच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. ३२ ही संख्या लहान आहे, पण दुर्मिळ आजारांत संख्या लहानच असणार. तेव्हा 'कर्करोगाचे घराणे, म्हणून रोपणच नको' हा सल्ला मला अन्यायाचा वाटतो. थांबून, पाहून, योग्य दाता घेऊन रोपण करावे.

सगळे वांशिक आजार एकाच मापाने मोजता येत नाहीत, हेही लक्षात घ्यायला हवे. डेनिस-ड्रॅश नावाचा एक फार दुर्मिळ आजार लहान मुलांत असतो. त्यात मूत्रपिंडे निकामी होतात आणि त्यांत विल्म्स नावाची कर्करोगाची गाठ होण्याचा मोठा धोका असतो. तिथे दोन्ही मूत्रपिंडे काढूनच टाकतात, आणि ती काढली की गाठ उगवायला जमीनच उरत नाही. उलट फँकोनी अ‍ॅनिमियासारख्या आजारात पेशींची दुरुस्तीची यंत्रणाच मुळात मोडलेली असते. तिथे तोंड आणि घशाच्या कर्करोगाचा धोका एरवीच इतका असतो, की अशा रुग्णावर दडपशाहीची औषधे वापरताना डॉक्टरांची झोप उडते.

आणि एक आजार असा आहे, की त्याची गोष्ट मला कादंबरीकार म्हणून फार आवडते. ट्युबरस स्क्लेरोसिस. फ्रेंच डॉक्टर बूर्नव्हील यांनी १८८० मध्ये त्याचे वर्णन केले. मेंदूत गाठी, फिट्स, चेहऱ्यावर पुटकुळ्या, आणि मूत्रपिंडांत चरबी व रक्तवाहिन्यांच्या गाठी. १९६४ साली एक कॅनेडियन पथक प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेले होते. तिथल्या लोकांच्या भाषेत त्या बेटाचे नाव रापा नुई. येताना मंडळींनी मातीचे नमुने आणले. माँट्रिअलच्या एका औषध कंपनीत सुरेंद्रनाथ सेहगल नावाचे शास्त्रज्ञ होते. जन्म १९३२ चा, आज पाकिस्तानात असलेल्या खुशाबचा. फाळणीनंतर कुटुंब दिल्लीला आले, शिक्षण बनारस हिंदू विद्यापीठात. त्या मातीतल्या जंतूपासून त्यांनी जे द्रव्य वेगळे काढले, त्याला बेटाच्या नावावरून रापामायसिन म्हटले. शोध घ्यायचा होता बुरशीवरच्या औषधाचा. सापडले ते प्रतिकारशक्ती दडपणारे आणि गाठींची वाढही रोखणारे. १९८३ मध्ये कंपनीने माँट्रिअलची प्रयोगशाळा बंद केली, संशोधन गुंडाळले. सेहगलांनी तो जंतू बाटल्यांत भरून घरच्या फ्रीझरमध्ये, आइस्क्रीमच्या शेजारी, वर्षानुवर्षे जपून ठेवला. पुढे कंपनीचे धोरण बदलले, त्यांनी पाठपुरावा केला, आणि १९९९ मध्ये ते औषध सिरोलिमस या नावाने मूत्रपिंडरोपणासाठी अमेरिकेत मंजूर झाले. स्वतः सेहगलांना आतड्याचा कर्करोग झाला होता, आणि त्यांनी आपलेच औषध स्वतःवर वापरून पाहिले. ते २००३ मध्ये गेले.

ट्युबरस स्क्लेरोसिसमध्ये पेशींतले जे वाढीचे चक्र बेबंद होते, नेमके तेच चक्र हे औषध थांबवते. त्याच्याच भावंडाला, एव्हरोलिमसला, या आजारातल्या मेंदूच्या गाठींसाठी २०१० मध्ये आणि मूत्रपिंडाच्या गाठींसाठी २०१२ मध्ये मंजुरी मिळाली. म्हणजे अशा रुग्णाचे रोपण झाले, तर एकच गोळी नव्या मूत्रपिंडाची राखण करील आणि जुन्या गाठींनाही आवर घालील, अशी सोय झाली. २००५ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी कपोसी सार्कोमा झालेल्या १५ रोपण-रुग्णांना सायक्लोस्पोरिनवरून सिरोलिमसवर आणले, तेव्हा सर्वांच्या कातडीवरचे डाग तीन महिन्यांत गेले आणि मूत्रपिंडेही टिकली. मग सगळ्यांनाच हे का देत नाहीत? २०१४ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा कर्करोग कमी झाला, पण मृत्यू मात्र वाढलेले दिसले. तेव्हा औषध कोणाला, हे त्याच्या आजाराचे नाव कळल्याशिवाय ठरवता येत नाही.

नाव कळल्याशिवाय! माझा सगळा आग्रह इथे येऊन थांबतो. आपल्याकडे पुष्कळ तरुण रुग्णांच्या फाइलीवर 'मूत्रपिंड निकामी, कारण अज्ञात' एवढेच असते. कारण अज्ञात असायला दोन पक्ष जबाबदार आहेत. एक, वेळ नसलेले रुग्णालय. दुसरे आपण. 'आमच्या घराण्यात असले काही नाही' हे वाक्य आपण किती सहज उच्चारतो! सोयरिकीच्या बाजारात ते वाक्य चालते, म्हणून डॉक्टरांपुढेही चालवतो. आंधळ्या आत्याला घराच्या इतिहासातून वगळले की पुतण्याच्या पोटातली गाठ उशिरा सापडते, एवढा सरळ हा हिशेब आहे. त्या तेवीस वर्षांच्या मुलीने तपासणी लग्नाआधी करावी की नंतर, असे मला विचारण्यात आले होते. मी सांगितले, आधी. आणि करायची की नाही हे तिने ठरवायचे, आईने किंवा मामाने नाही. मुलीने करून घेतली. निकाल काय आला हे ती सांगेल त्यालाच कळेल.

सरकारविषयीही दोन शब्द. अवयवरोपणाचा कायदा १९९४ चा, आणि तो ज्या राज्यांत प्रथम लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडे जवळच्या नात्यात आली, दोन कुटुंबांतल्या दात्यांची अदलाबदलही मान्य झाली. रक्ताच्या नात्यात दोष असलेल्या घरांना ही अदलाबदल, पती किंवा पत्नी, आणि मृत्यूनंतर दान झालेले अवयव हेच मार्ग उरतात. तेव्हा वांशिक आजार सिद्ध झालेल्या रुग्णाला दात्याची सोय जुळवताना विशेष मदत मिळाली पाहिजे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात अवयवरोपणाने बरे होणारे आजार पहिल्या गटात आहेत, आणि २०२२ पासून ठरावीक केंद्रांत ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. आपल्या केईएमचा त्या केंद्रांत समावेश आहे. हे चांगले आहे. पण त्या गटाचे वर्णन 'एकदाच करावयाचे, रोग बरा करणारे उपचार' असे आहे. मूत्रपिंडरोपण एकदाच करावयाचा उपचार? कर्ज वाटप झाले की फाइल बंद, पुढे शेतावर कोणी जायचे नाही, असा प्रकार आमच्या बँकेत कोणी केला असता तर त्याची चौकशी लागली असती. रोपणानंतरच्या गोळ्या, वर्षानुवर्षांचे एमआरआय, डोळ्यांची तपासणी, तोंडाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी, घरातल्या इतरांच्या जनुकीय चाचण्या, हे सारे त्या मदतीत स्पष्ट शब्दांत यायला हवे.

तोवर एक साधी गोष्ट करता येईल, तिला कायदा लागत नाही की निधी. रोपण झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर एक ओळ छापावी: वांशिक कारण तपासले किंवा नाही, आणि पुढे कोणत्या अवयवाची तपासणी किती दिवसांनी. बाईंच्या भावाचे कार्ड मी मागून घेऊन पाहिले. वरच्या बाजूला, रक्तगटाच्या खाली, तेवढी जागा मोकळी आहे.